पुलाच्या मध्यापर्यंत

ऑक्टोबर लागला की व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरातल्या माझ्या दुकानातले फोन बदलतात. उन्हाळ्यात लोक विचारतात, किचनला कुठली फरशी चांगली दिसेल. ऑक्टोबरात विचारतात, बेसमेंटमध्ये पाणी कुठून येतंय. व्हँकुव्हरचा पाऊस गाजावाजा करत नाही. गडगडत नाही, कोसळत नाही. तीन महिने कोरडी असलेली हवा एका सकाळी ओली होते आणि मार्चपर्यंत ओलीच राहते. उत्तरेकडचे डोंगर एकेक करून दिसेनासे होतात. मी चहाचा कप घेऊन दुकानाच्या दारात उभा राहतो, डोंगर होते त्या दिशेला बघतो, आणि माझं डोकं तापायला लागतं.

मंगल, माझी बायको, म्हणते, "अहो, पावसावर कसले चिडता?"

पावसाशी माझं भांडण नाही. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, नॉर्थ व्हँकुव्हरच्या भरवस्तीत, एक घळ आहे. इथले लोक तिला कॅन्यन म्हणतात. आधी बंगल्यांची रांग, कुणाच्या तरी अंगणात आडवी पडलेली मुलाची सायकल, बसचा शेवटचा थांबा, आणि तिथून थोडं चाललं की जमीन एकदम फाटते. खाली काळ्या खडकांच्या दोन भिंती आणि त्यांच्या मधून हिरवं, बर्फासारखं गार पाणी. वर, एका काठावरून दुसऱ्या काठावर, झुलता पूल. शहरात असाच आणखी एक पूल आहे, त्याला तिकीट आहे. हा फुकट. कॅनडात नवा होतो तेव्हा फुकट म्हणूनच पहिल्यांदा इथे आलो होतो, खिशात शिळी चपाती घेऊन. आता तिकीट परवडतं. तरी इथेच येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात माझी आई इथे होती. ह्या पावसाने मला आठवतो तो ऑक्टोबर तिचा.

*

आई आली तेव्हा माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, सुधीरचा, अबोला चार वर्षांचा झाला होता.

मी दहावीनंतर कराड सोडलं. पुण्यात गवंड्यांच्या हाताखाली फरशी घालायला शिकलो, मग दुबई, मग इथे. इथे पहिली दोन वर्षं दुसऱ्यांच्या बाथरूममध्ये गुडघ्यावर गेली. नंतर स्वतःची व्हॅन, नंतर दुकान. सुधीर हुशार. त्याला मी शिकवलं असं म्हणणार नाही, तो स्वतः शिकला. पण त्याला इथे आणला मी. कॉलेजचे फॉर्म मंगलने भरले, विमानतळावर घ्यायला मी गेलो, पहिला हिवाळा तो माझ्या बेसमेंटमध्ये राहिला. आता तो एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नॉर्थ व्हँकुव्हरला, त्या घळीच्या पलीकडच्या अंगाला, त्याचं घर आहे.

त्या घराच्या किचनची फरशी मी घातली. दुकान बंद करून, संध्याकाळी सहानंतर, तीन आठवडे. राखाडी, मोठ्या आकाराची, आत पांढरी रेघ असलेली. ती रेघ एका फरशीवरून दुसरीवर अशी चालत गेली पाहिजे की बघणाऱ्याला सांधा कळू नये. मी ती चालवली. फक्त अंगणाच्या दाराजवळची शेवटची ओळ राहिली, पाच फरशांची, कारण दाराचा उंबरा बसवणारा माणूस वेळेवर आला नाही. म्हटलं, वास्तुशांत होऊ दे, मग येऊन घालतो.

वास्तुशांतीला सुधीरच्या ऑफिसातली माणसं आली होती. मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो. त्याचा साहेब हातात श्रीखंडाची वाटी घेऊन खाली बघत होता. म्हणाला, फरशी सुंदर आहे, कुणी घातली? आणि सुधीर म्हणाला, "आमचा टाइलवाला आहे एक. चांगला आहे. महाग आहे जरा."

सगळे हसले. मी त्याच्यापासून चार फुटांवर होतो.

मी जग ओट्यावर ठेवला, बूट घातले आणि निघालो. मंगल मागून धावत आली, तिच्या हातात अजून हळदीकुंकवाचं तबक होतं. त्या दिवसापासून मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. ते काम सुरू करण्याआधी मी सुधीरला कोटेशन पाठवलं होतं. दुकानाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. त्याने विचारलं होतं, "दादा, तू तुझ्या हिशेबाने सांग ना." मी ठरवलं, व्यवहार म्हणजे व्यवहार. आकडा मुद्दाम जरा चढा लावला, कारण मला वाटलं तो भांडेल. म्हणेल, दादा, काहीतरी कमी कर. मी म्हणेन, एवढं होत नाही. तो म्हणेल, सख्ख्या भावाला लुटतोस? मग चहा होईल आणि मी निम्म्यावर येईन. माझं सगळं आयुष्य असंच गेलंय. ज्याच्याशी मी घासाघीस केली, त्याचं घर मला आतून माहीत झालं. सुधीरने एका ओळीचं उत्तर पाठवलं. "ओके, थँक्स." घासाघीस न करता हो म्हणणारा माणूस मला परका वाटतो. फरशी घालताना तीन आठवडे ते "ओके, थँक्स" माझ्या गुडघ्यात टोचत होतं.

*

आई मे महिन्यात, सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. दोघांच्या घरी पंधरा-पंधरा दिवस राहायचं, हे दोन सुनांनी फोनवर ठरवलं. मी त्यात बोललो नाही, सुधीरही बोलला नाही.

तिला एका घरातून दुसऱ्या घरात पोचवायची जागा म्हणजे बर्नबीमधल्या एका मॉलचं पार्किंग. दोन्ही घरांपासून साधारण सारख्या अंतरावर. हे अंतर मी नकाशावर मोजलं होतं, कारण मी एक किलोमीटरसुद्धा जास्त जाणार नव्हतो. मी गाडीत बसायचो, इंजिन चालू. समोर सुधीरची गाडी, इंजिन चालू. मंगल आईची बॅग घेऊन उतरायची, तिकडून सुधीरची बायको प्राजक्ता उतरायची. दोघी हसून बोलायच्या, डब्यांची अदलाबदल करायच्या. मधल्या पिवळ्या रेघांवरून आई, स्वेटरवर नऊवारी, पायात माझ्या मुलीचे जुने बूट, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची. त्या वर्षी जूनमध्येही पाऊस थांबला नव्हता, काचेवर वायपर फिरत असायचे. दर खेपेला वायपर बाजूला झाला की सुधीर दिसायचा, परत पाणी आलं की पुसला जायचा.

तिसऱ्या वेळी आई मध्येच थांबली. डावीकडे माझ्याकडे बघितलं, उजवीकडे त्याच्याकडे. मग पावसात उभी राहून मंगलला म्हणाली, "माझ्यावर पत्ता चिकटवलाय का गं कुठं? नाही म्हणजे, पार्सल हरवलं तर परत कुणाच्या दारात टाकायचं ते लिहिलेलं बरं."

मंगल हसली. मला हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "विलास, त्याच्या किचनमधली ती शेवटची ओळ अजून तशीच आहे."

"असू दे."

"खालचं सिमेंट दिसतं. वर पायपुसणं टाकलंय. प्राजक्ता म्हणत होती दुसरा माणूस बोलावू, तर हा म्हणतो, नको."

"पैसे वाचवतोय."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी रेडिओ लावला.

आईला एक माहीत नव्हतं. त्या पाच फरशांचं खोकं माझ्या गॅरेजमध्ये होतं. ह्या धंद्यात एकाच कंपनीची, एकाच नंबरची फरशी पुढच्या लॉटला रंगाने वेगळी येते. डोळ्याला कळेल इतकी. ती विशिष्ट राखाडी आता जगात कुठेही मिळणार नव्हती, फक्त माझ्याकडे होती. दर वसंतात मंगल गॅरेज आवरायची आणि विचारायची, हे टाकू का. मी ओरडायचो. का ओरडतो ते तिने कधी विचारलं नाही, ही तिची समज.

*

घळ आईला माझ्या मुलीने दाखवली. ईशा कॉलेजात आहे, आजीशी मराठीत सुरू करते आणि अर्ध्यातून इंग्रजीत जाते. एका रविवारी ती म्हणाली, "आजी, चल तुला इतका सुंदर पूल दाखवते, यू विल लव्ह इट." मी गाडी चालवायला गेलो.

सप्टेंबर संपत आला होता. फाटकाजवळ पाटी होती. पाण्यात उड्या मारू नका, इथे माणसं मेली आहेत. आईला इंग्रजी येत नाही, पण पाटीवर कड्यावरून पडणाऱ्या माणसाचं चित्र होतं.

"हा कोण पडतोय?"

"कुणीही. न ऐकणारा."

"मग तुझा फोटो लावायला हवा होता," ती म्हणाली.

लाकडी पायऱ्या, त्यांवर शेवाळ. देवदारासारखी उंच झाडं, त्यांच्या सालींना ओल्या पोत्याचा वास. ऊन फक्त शेंड्यांना, खाली हिरवा अंधार. वाटेवर एका जुन्या झाडाचा बुंधा होता, आमच्या कराडच्या घरातल्या खोलीएवढा रुंद. त्याच्या अंगावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, दोन आडव्या खाचा. दुरून डोळ्यांसारख्या दिसतात. मी आईला सांगितलं, शंभरेक वर्षांपूर्वीचे लाकूडतोडे ह्या खाचांमध्ये फळ्या अडकवायचे, त्या फळ्यांवर उभे राहून झाड कापायचे.

आई खाचेत हात घालून बघत होती. मला राहवलं नाही. म्हणालो, "म्हणजे ज्याच्या अंगावर पाय ठेवायला जागा केली, त्यालाच पाडलं. बघ आई. हा मी."

तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला. "तू झाड नाहीस. झाड इतकं बोलत नाही."

पुलावर ती ईशाचा हात धरून चार पावलं गेली आणि थांबली. पूल अरुंद आहे. समोरून कुणी आलं तर दोघांनाही अंग तिरकं करावं लागतं. पाय टाकला की फळ्या खालून उत्तर देतात. आईने खाली पाण्याकडे बघितलं नाही, पलीकडच्या काठाकडे बघितलं.

"तिकडं काय आहे?"

"जंगल. मग रस्ता. मग सुधीरकाकाचं घर," ईशा म्हणाली.

आई ईशाचा हात धरूनच मागे वळली. परत येताना गाडीत म्हणाली, "दसऱ्याला मला सुधीरकडं जायचंय ना? त्या पार्किंगात नाही जायचं. ह्या पुलावरून जायचं. तू अलीकडून आणायचं, त्याने पलीकडून यायचं. मध्यावर मला द्यायचं."

"आई, तिथे पाऊस असेल. घसरशील."

"आपल्या गावात दसऱ्याला सगळे पुरुष वेशीबाहेर जायचे, सोनं लुटायला. बायकांनी दारात ताट घेऊन उभं राहायचं. पन्नास वर्षं मी ताट घेऊन उभी राहिले. वेस कशी असते ते बघितलंच नाही. आता एकदा मीच ओलांडते."

मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "बघू नाही. मध्यापर्यंत. एक पाऊल कमी चालणार नाही."

ती कुणाची आई आहे हे त्या दिवशी मला नीट कळलं. अटी घालायची पद्धत माझीच होती.

*

दसऱ्यासाठी मी सोन्याचा बंदोबस्त केला. इथे आपटा नाही. पण रेडबड नावाचं एक झाड बागांमध्ये लावतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने, वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी, मला एकदा सांगितलं होतं की ते आपट्याचं लांबचं भावंड आहे. पान बदामी, पण टोकाला चिरलेलं नाही. त्यांच्या पायरीची सुटलेली फरशी बसवून दिली आणि बदल्यात पिशवीभर पानं घेतली. मग घरी बसून कात्रीने एकेका पानाच्या टोकाला खाच पाडली, म्हणजे आपट्यासारखं दोन पाळ्यांचं दिसेल.

आईने एक पान उचलून उजेडात धरलं. "सोन्यात भेसळ करणारा तू पहिलाच," म्हणाली, आणि दहा-बारा पानं निवडून रुमालात बांधली.

दसऱ्याला पाऊस रात्रीपासून होता. घळीचा आवाज पार्किंगमध्येच ऐकू आला. सप्टेंबरात पाणी खडकांवरून गप्पा मारत जायचं, आता एकसारखा घोष होता, छातीत ऐकू येणारा. पायऱ्यांवर पिवळी पानं चिकटली होती. मी आईचा दंड घट्ट धरला होता. प्राजक्ता गाडीने न्यायला येणार होती ती बॅग घेऊन मंगल मागे राहिली, म्हणाली, तुम्ही या, मी इथेच आहे.

पलीकडच्या टोकाला सुधीर उभा होता. निळं जाकीट, डोक्यावर टोपी. दोन्ही हातांनी पुलाच्या कडेच्या तारा धरलेल्या.

सुधीर उंचीला घाबरतो. लहानपणी गावच्या विहिरीवर मी त्याला काठावर उभा करून खाली बघायला लावलं होतं, गंमत म्हणून. तो रडला नव्हता, फक्त बसून घेतलं होतं आणि उठेचना. मला त्याला पाठीवर घेऊन घरी आणावं लागलं. आईला ते माहीत होतं. पूल निवडताना तिला ते आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

मी पूल डोळ्यांनी मोजून ठेवला होता. तारा जिथे सगळ्यात खाली येतात तो मध्य. आईला धरून मी बरोबर तिथपर्यंत गेलो आणि थांबलो. घासाघिशीत माझा एक नियम आहे. आपला आकडा सांगितला की गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला. मी गप्प उभा राहिलो.

सुधीर निघाला. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. त्याची नजर समोर, आमच्याही वरून, कुठल्यातरी झाडावर. पूल हलत होता, आणि त्यातला थोडा मी हलवत होतो, कारण माझा तोल एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता. हे मला तेव्हा कळत होतं. मी पाय स्थिर केला नाही.

आमच्यापासून दहाएक फुटांवर तो थांबला आणि मग त्याला हलताच येईना. टोपीवरून पाणी गळत होतं. ओठ पांढरे पडले होते.

"जा, धर त्याला," आई म्हणाली.

"मध्य झाला," मी म्हणालो.

आजही ऑक्टोबरच्या पावसात हेच दोन शब्द मला ऐकू येतात, माझ्याच आवाजात. आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन परत ठेवावी, तसं. मग तिने माझा हात सोडवला. तार धरून, ईशाच्या जुन्या बुटांनी, ओल्या फळ्यांवरून ती एकटी निघाली. गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय ओढत. खाली पाण्याचा घोष चालू होता. दहा फूट. मी पुढे गेलो नाही. मला वाटतं, मला तेव्हा जाता आलंच नसतं, कारण माझेही पाय सुधीरसारखेच झाले होते, पण हे मी आता म्हणतोय. तेव्हा मी फक्त उभा होतो.

तिने त्याला धरलं. सुधीरने डोळे मिटले. म्हणाला, "दादा, कोटेशन तू पाठवलं होतंस."

चार वर्षांनी पहिलं वाक्य. नियमाप्रमाणे मी जिंकलो होतो.

"मग?" मी म्हणालो.

"लेटरहेडवर. शिक्का मारून. वाचून मला वाटलं, दादाला ह्यात भाऊबिऊ काही नकोय. मग लोकांना मी तुला काय म्हणून सांगणार होतो?"

"भाऊ म्हणून सांगायचं होतंस. भाऊ आहे, पण महाग आहे, असं म्हणायचं होतंस."

"इथं नको," आई म्हणाली. "पूल हलतोय."

तेवढ्यात माझ्या मागून एक बाई आली, हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रा भिजलेला, कंटाळलेला. तिला पुढे जायचं होतं. तिने आईला आणि डोळे मिटलेल्या सुधीरला बघितलं आणि काळजीने मला इंग्रजीत विचारलं, "ते ठीक आहेत ना? तुमच्याबरोबरचे आहेत का?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी चार वर्षं थांबलो होतो. उत्तर पाठ होतं. मी ह्यांचा टाइलवाला. कितीदा आंघोळ करताना, व्हॅन चालवताना मी ते म्हणून बघितलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत. आता एक अनोळखी माणूस समोर होता, सुधीर दहा फुटांवर होता, सगळं ऐकू जाणार होतं.

"ती माझी आई आहे," मी म्हणालो.

बाई थांबून राहिली. कुत्र्याने अंग झटकलं. सुधीरने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं होतं. इंग्रजी न येणारी आईसुद्धा बघत होती. 

"आणि तो माझा धाकटा भाऊ. उंचीला घाबरतो."

बाई म्हणाली, तिचा नवराही घाबरतो, म्हणून तो गाडीत बसलाय. मग अंग तिरकं करून ती आमच्यातून गेली. कुत्र्याचं ओलं अंग माझ्या गुडघ्याला घासलं.

आईने रुमाल सोडला. सुधीरने जाकिटातून मेपलचं पान काढलं, पिवळं, जेवणाच्या ताटाएवढं. माझं कातरलेलं पान आईने त्याच्याकडे दिलं, त्याचं पान पुढे येऊन माझ्याकडे. आम्ही एकमेकांच्या जवळ गेलो नाही, पाया पडणं नाही, मिठी नाही. सोनं दोन्ही वेळा तिच्याच हातातून गेलं. "सोन्यासारखे राहा," ती आम्हा दोघांच्या मधल्या तारेकडे बघून म्हणाली. मग ते दोघं पलीकडे निघाले, फार हळू, आणि कोण कुणाला नेत होतं ते मागून कळत नव्हतं.

*

तीन आठवड्यांनी ती परत गेली. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्यावर तिने मला खाली वाकायला लावलं. मला वाटलं आशीर्वाद देतेय. कानात म्हणाली, "मला फोनवर ती ओळ झालेली दाखव. मी आता परत येत नसते."

डॉक्टरांनी गुडघ्यांचं जे सांगितलंय त्यावरून ती खरं बोलली. कराडला आमच्या बहिणीकडे असते. खोलीतून अंगणापर्यंत येते, तेही कुणाचा हात धरून.

गेल्या वर्षी दसऱ्याला सुधीर पलीकडून आला, मी अलीकडून. ठरवलं कुणीच नव्हतं. मध्यावर पान दिलं, पान घेतलं. व्हिडिओवर आई होती. म्हणाली, "फोन खाली धर, पाय दाखवा. मध्य कुठाय?" आम्ही पाय दाखवले. दोघांचे बूट मध्यापासून सारख्या अंतरावर. ती म्हणाली, "बरं," आणि फोन बहिणीकडे दिला. त्या "बरं"चा राग मला वर्षभर पुरला. मला सुधीरचा राग होताच, अजूनही आहे. तो साहेब, ती श्रीखंडाची वाटी, ते हसणं, ह्यातलं काहीही मी विसरलेलो नाही आणि विसरेन असं वचन कुणाला देत नाही. त्याने अजून माफी मागितलेली नाही. विहिरीची मीही मागितलेली नाही.

ह्या वर्षी पाऊस आला, बेसमेंटचे फोन सुरू झाले. दसऱ्याच्या सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो, खोक्यातून पाचही फरशा काढल्या, जुन्या गोधडीत बांधल्या.

मंगल दारात होती. "अहो, ते कुठे?"

"टाकायला."

"बरं," ती म्हणाली. "गोधडी परत आणा."

गाडीने वळसा घालून सुधीरच्या दारात जाता आलं असतं. पण दसऱ्याला वेस पायी ओलांडतात. गाठोडं खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरलो. तो बुंधा, त्या खाचा, तो ओल्या पोत्यांचा वास. पाणी पुलाखालून गर्जत होतं. फरशा जड असतात, पण मोठी गंमत अशी की खांद्यावर वजन असलं की पूल कमी हलतो.

सुधीर पलीकडच्या टोकाशी तारा धरून उभा होता. मला बघून त्याने पाऊल टाकलं. मी ओरडलो, "थांब तिथेच." मध्य आला. मी थांबलो, श्वास घेतला. मग पुढे गेलो. मध्यानंतर पूल चढणीचा लागतो, हे मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

टोकाला पोचलो तेव्हा सुधीर गाठोड्याकडे बघत होता. गोधडीच्या कोपऱ्यातून राखाडी कड दिसत होती, आत पांढरी रेघ.

"ह्या ठेवल्या होत्यास?"

"तू पायपुसणं ठेवलंस ना."

 पुढे जंगलातून वीस मिनिटांची वाट होती, सगळी चढाची. त्याने हात पुढे केला. "दादा, दोन दे माझ्याकडे."

"एक घे."

"एक कशाला? तीन दे. तुझा गुडघा बघ."

"माझा गुडघा बघू नकोस. तुला फरशी धरता येत नाही, कड उडवशील. एक."

"दोन. आणि घरी गेल्यावर चहा मी करणार."

"प्राजक्ता करेल. तुझा चहा मला माहीत आहे."

"मग अडीच."

"अडीच कशी होईल? फरशी आहे ती, पोळी आहे का?"

पाऊस आम्हा दोघांवर पडत होता. खिशात फोन वाजत होता, कराडचा असणार. सुधीर आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भावावरून भांडत होता, आणि मी आणखी थोडा वेळ ताणून धरलं. मग दोनावर सोडलं.